म्हणे वाक्यातच उत्तर असतं!

खाडाखोड

परवा व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरत आली. तिघांनी ती मुद्दाम मलाच पाठवली, म्हणजे चिमटा होता. मजकूर असा: "जीआरईसाठी शब्द पाठ करणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. उत्तर वाक्यातच असतं. ऑल्दो, डिस्पाइट, सेमिकोलन शोधा, शब्द आपोआप सापडेल." जीआरई म्हणजे अमेरिकेत पुढच्या शिक्षणासाठी द्यायची प्रवेशपरीक्षा. तिच्या इंग्रजी भागाला व्हर्बल म्हणतात आणि त्यात वाक्यातली रिकामी जागा दिलेल्या पर्यायांतून भरायची असते.

आपोआप! चौदा वर्षं घरच्या जेवणाच्या टेबलावर पोरांना व्हर्बल शिकवतोय. आपोआप सापडलेला शब्द अजून पाहायचाय.

गेल्या आठवड्यात एका मुलाला मीच रचलेलं वाक्य दिलं. मराठीत सांगतो: "एरवी अघळपघळ बोलणाऱ्या सरांचं निरोपाचं भाषण मात्र अगदी ____ होतं." पर्याय: टर्स, मॉडलिन, प्रोलिक्स, फ्लोरिड, ट्राइट. मुलाने लगेच 'मात्र'वर बोट ठेवलं. म्हणाला, अघळपघळच्या उलट हवं, म्हणजे थोडक्यात. शंभर टक्के बरोबर. मग पाच पर्यायांकडे नुसता बघत बसला. शेवटी मॉडलिनवर खूण केली. का रे बाबा? "निरोप समारंभ आहे ना सर, रडारड असणारच. आणि तेवढा एकच शब्द कुठेतरी वाचल्यासारखा वाटला." टर्स माहीत असता तर प्रश्न पाच सेकंदांचा होता.

२०११ मध्ये जीआरईतून ॲनालॉजी (शब्दांच्या जोडीतलं नातं ओळखायचे प्रश्न) आणि विरुद्धार्थी शब्द काढले, तेव्हापासून ही हवा आहे. प्रश्न गेले हो, शब्द तिथेच आहेत. ते आता वाक्यात येऊन बसलेत, एवढंच. त्यात तीन रिकाम्या जागांपैकी दोन बरोबर आल्या तरी गुण शून्य. खुणा ओळखल्याबद्दल कोणी पाठ थोपटत नाही तिथे.

आरती_डोंबिवली

ती पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांपैकी एक मीच. माझ्या अपरोक्ष दुसऱ्या गटात त्यावरून काय काय बोललं गेलं तेही कळलंय मला. असो.

मला व्हर्बलला १७० पैकी १६३ होते. एकही यादी पाठ केली नाही. डोंबिवली ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन अडीच तास, त्यात जे इंग्रजी मिळेल ते वाचलं. सरावाला बसले की पर्याय हाताने झाकायचे, वाक्य वाचायचं आणि रिकाम्या जागेत आपला मराठी शब्द टाकायचा. 'चिंगूस', 'आगाऊ', 'बुळचट', जो सुचेल तो. मगच हात काढायचा. पर्याय आधी वाचले की ते डोक्यात घुसतात आणि आपण वाक्याला त्यांच्या मापाचं करून घेतो. तुमच्या मॉडलिनवाल्या मुलाचं हेच झालं. शब्द कमी पडले हे खरं, पण 'थोडक्यात' हवं हे स्वतःच सांगून तो रडारडीकडे वळलाच कसा? स्वतःच्या उत्तरावर विश्वास नव्हता.

आणि यादीवाल्यांची गंमत ऐका. माझ्या मैत्रिणीने हजारेक कार्डं केली होती, रबरबँड लावून. 'क्वालिफाईड सपोर्ट' आला आणि हिने अर्थ लावला 'शिकलेल्या लोकांचा पाठिंबा'. तिथे तो सशर्त, हातचं राखून दिलेला पाठिंबा असतो. क्वालिफाय, चेक, अरेस्ट, टेम्पर, इकॉनॉमी हे शब्द यादीत कोण घालतं? सगळ्यांना येतात ना! 'इकॉनॉमी ऑफ वर्ड्स'मध्ये अर्थव्यवस्था शोधणारे लोक पाहिलेत मी.

ऱ्हस्वदीर्घ

मुख्य विषयावर नंतर येतो. 'माझ्या अपरोक्ष' म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत. अक्ष म्हणजे डोळा, परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, आणि अपरोक्ष त्याच्या उलट. तुम्हाला 'माझ्या परोक्ष' म्हणायचंय.

आरती_डोंबिवली

मी तिथे हजर होते असं इथल्या एका तरी माणसाला वाटलं का?

ऱ्हस्वदीर्घ

वाटलं नाही म्हणून चूक बरोबर होत नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेला ग्रंथ आहे, 'अपरोक्षानुभूती'. तो काय गैरहजेरीत आलेला अनुभव आहे?

नागपुरी_संत्रं

माझे वडील चाळीस वर्षं कोर्टात कारकून होते. 'प्रतिवादीच्या अपरोक्ष' हे मी त्यांच्या अक्षरात शेकडो वेळा वाचलंय. एकाही निकालात कोणी त्याचा अर्थ 'समोर' घेतला नाही. आता वडिलांना जाऊन सांगू का, की तुम्ही आयुष्यभर उलटं लिहिलंत?

ऱ्हस्वदीर्घ

वडिलांना मध्ये आणू नका. शब्दाबद्दल बोलतोय.

नागपुरी_संत्रं

तुम्ही शंकराचार्यांना आणलंत, मी वडिलांना. हिशेब बरोबर.

खाडाखोड

अहो थांबा, भांडू नका, हा तर माझ्याच बाजूचा पुरावा आहे! आरतीताई, तुम्ही 'अपरोक्ष' कोशातून शिकला नाहीत. 'माझ्या अपरोक्ष बोलले', 'माझ्या अपरोक्ष गेले' असं ऐकत ऐकत अर्थ बांधलात. तुम्हीच नाही, मीही. म्हणजे वाक्यावरून अंदाज बांधत अख्ख्या महाराष्ट्राने एक शब्द उलटा शिकला. अजून काय दाखवू?

आरती_डोंबिवली

आणि अख्ख्या महाराष्ट्राला तो कळतो. संदर्भाचा विजय आहे हा. तुमच्या 'बरोबर' अर्थाने कोणी वाक्य लिहिलं तर तळटीप द्यावी लागेल.

ऱ्हस्वदीर्घ

उद्या 'दुरावस्था'ही बरोबर म्हणाल. डोंबिवलीत चालतं वाटतं सगळं.

आरती_डोंबिवली

गावावर जाऊ नका. आमच्याकडे लोकलच्या दारात लटकूनही माणसं वाचतात. तुमच्यासारखी दुसऱ्याच्या ओळीत लाल पेन घेऊन बसत नाहीत.

नागपुरी_संत्रं

संदर्भावरून आठवलं. पहिली नोकरी इंदूरला. पहिला रिपोर्ट दिला, साहेब म्हणाले, "अच्छी चेष्टा है." मी दोन दिवस तोंड पाडून. माझ्या मेहनतीची चेष्टा म्हणजे काय! संदर्भ सगळा माझ्या बाजूचा होता: साहेबांच्या चेहऱ्यावर हसू, शेजारचा मान खाली घालून बसलेला. तिसऱ्या दिवशी कळलं की हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शेजारच्याची मान म्हणे उशीने अवघडली होती.

निवांत

वाचत होते, आता राहवत नाही. बी.एड.ला शिकवते.

तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. पुस्तकात किंवा गप्पांत अनोळखी शब्द भेटतो तेव्हा आसपासची वाक्यं त्याचा अर्थ सांगायला बांधील नसतात. बेक, मॅककिओन आणि मॅककॅस्लिन या तिघी संशोधिकांनी १९८३ मध्ये नेमकं हेच मांडलं: काही संदर्भ अर्थाकडे नेतात, काही नुसते गप्प बसतात, काही चक्क उलट्या दिशेला पाठवतात. अपरोक्ष आणि चेष्टा इथले. परीक्षेतलं वाक्य मात्र शिंप्याने माप घेऊन शिवलेलं असतं. पाचातला एकच बसावा, बाकीचे का बसत नाहीत ते दाखवता यावं, म्हणूनच त्यात 'मात्र' नाहीतर सेमिकोलन पेरलेला असतो. तिथे खूण चकवत नाही. आपण तिच्यापुढे जाऊन आपल्या मनचं भरतो, तिथे फसतो.

आणि क्लोज टेस्ट, म्हणजे गाळलेले शब्द भरायची चाचणी, मुळात विद्यार्थ्यांसाठी नव्हतीच. विल्सन टेलरने १९५३ मध्ये ती काढली ती मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजायला. ठरावीक अंतराने शब्द गाळायचे आणि लोकांना किती भरता येतात ते बघायचं. परीक्षा मजकुराची होती. आपण ती पोरांच्या गळ्यात बांधली.

खाडाखोड

मॅडम, मुद्दा मान्य. अर्धा. शिवलेला सदरा ओळखता आला तरी पाच खुंट्यांपैकी तो कुठल्या खुंटीवर टांगलाय हे माहीत नको का?

लातूर_एक्स्प्रेस

तुमचं अमेरिकेचं चालू द्या. आमच्याकडे आयबीपीएसच्या बँक पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं. एका प्रश्नाला ४० सेकंद. चुकलं की पाव गुण जातो. जीआरईला चुकल्याचं काही कापत नाहीत, म्हणून तुम्हाला पर्याय झाकून 'बुळचट' सुचवायला वेळ आहे.

पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं म्हणतात. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन गुरुजी आणि चार वर्ग. इंग्रजीचा तास म्हणजे फळ्यावरचं वहीत उतरवणं. अडीच तास लोकलमध्ये इंग्रजी वाचायला मिळणं ही पण एक श्रीमंतीच आहे ताई. मला यादीच परवडते. झेरॉक्स चाळीस रुपयांत मिळाली. तिच्यात 'एनर्व्हेट' आहे. मी इतके दिवस एनर्जी बघून 'उत्साह देणे' समजत होतो, निघालं 'अंगातलं बळ काढून घेणे'. वाक्य बघून तीनदा चुकलो होतो.

आरती_डोंबिवली

श्रीमंतीचं बोललात ते लागलं, पण खरं आहे. मी तसा विचार केला नव्हता. पर्याय झाकायची पद्धत ४० सेकंदांत बसत नाही, हेही कबूल.

पण तुमच्या पेपरात अर्थापेक्षा जोड्या जास्त विचारतात. आधी रिकाम्या जागेच्या उजवीकडचा शब्द बघा. पुढे 'विथ' असेल आणि पर्यायात कम्प्लाय, ओबे, फॉलो असतील, तर कम्प्लायच. ओबे आणि फॉलोला मध्ये काही लागत नाही. 'बाय' असेल तर अबाइड, 'टू' असेल तर अडहिअर, 'फ्रॉम' असेल तर रिफ्रेन. आपण 'पोलिसांना घाबरतो' म्हणतो, 'पोलिसांवर घाबरतो' कानाला खटकतं, तसंच. तुमच्या यादीत प्रत्येक क्रियापदापुढे त्याचं शेपूट लिहून ठेवा.

ऱ्हस्वदीर्घ

'पोलिसांना घाबरतो' बरोबर आहे. या वेळी.

खाडाखोड

म्हणजे यादी ठेवायचीच, फक्त शेपटासकट. ताई, हे मी वर्गात दहा वर्षं सांगतोय. फी घेऊन.

लातूर_एक्स्प्रेस

अडहिअरपुढे टू लिहिलं. रिलायपुढे ऑन ना? आणि ते टर्स, मॉडलिन, प्रोलिक्स, फ्लोरिड, ट्राइट, पाचही अर्थ टाका ना कोणीतरी. माझ्या झेरॉक्समध्ये पी नंतरची पानंच नाहीत.