सोनुल्याला

फिनिश संगीतकार सिबेलिउसच्या 'मालिंकोनिया' या चेलो-पियानोच्या रचनेची चाल फिनिश लोकगीतावरून घेतली आहे असं एकाने म्हटलंय, ते पटलं नाही. सिबेलिउसने ती १९०० मध्ये धाकट्या मुलीच्या मृत्यूनंतर लिहिली. त्यात लोकगीत वगैरे नाही.

चेलो-पियानोसाठी खरंखुरं फिनिश लोकगीत हवं असेल तर बुसोनीचं 'कुल्तासेल्ले' ऐका, एका लोकगीतावरची दहा छोटी व्हेरिएशन्स (म्हणजे एकाच चालीची बदलती रूपं). हा इटालियन पियानोवादक १८८८ ते १८९० हेलसिंकीत शिकवत होता, तेव्हाची ही रचना. (बायकोही तिथेच भेटली, तेव्हा शीर्षकाचं नवल नको.) फिनिशमध्ये 'कुल्ता' म्हणजे सोनं आणि लाडकी व्यक्तीही, अगदी आपल्या 'सोन्या'सारखं, शेवटचं 'ल्ले' म्हणजे आपला 'ला' प्रत्यय. चाल इतकी साधी, की दोनदा ऐकली तर गुणगुणता येते. मग पुढे पियानो तिचं काय काय करतो, ते ऐकण्यात मजा आहे.