पाणी बदलताना टाकीत मूठभर मीठ: ही सवय सोडावी की ठेवावी?

काचपेटी
मासे विकणारे नव्या गिऱ्हाइकाला एक सल्ला हमखास देतात: "पाणी बदललं की मूठभर जाडं मीठ टाका, मासे आजारी पडत नाहीत." गोड्या पाण्याच्या टाकीसाठी ही सवय सोडायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. मीठ हे औषध आहे. आजार ओळखून, वजन करून द्यायचं आणि काम झालं की काढून टाकायचं.

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी काठोकाठ ५६ लिटरची. वरची मोकळी जागा आणि तळाची खडी वजा केली की पाणी राहतं साधारण ४५ लिटर. मूठ ४५ ग्रॅमची धरा, म्हणजे लिटरला १ ग्रॅम. पुढच्या आठवड्यात १० लिटर पाणी काढलं तर मीठ गेलं १० ग्रॅम आणि परत पडलं ४५. असं करत आठव्या मुठीला टाकीत पावणेदोनशे ग्रॅम मीठ साठतं, लिटरला जवळपास ४ ग्रॅम! हॉर्नवर्टची पानं गळायला लागतात, गोगलगायी कवचाबाहेर येत नाहीत, कोरी (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) कोपऱ्यात दबून बसतात. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं, "अजून थोडं मीठ टाका."

गोल्डी_नाशिक
हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून मीठच चुकीचं ठरत नाही. चुकीची आहे ती मूठ.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरला ९ ग्रॅमच्या आसपास मिठाइतके क्षार असतात आणि भोवतीच्या पाण्यात जवळपास काहीच नसतं. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकत असतात. पिशवीतून प्रवास करून आलेला किंवा जाळ्यात खवले निघालेला मासा याच कामात थकतो. लिटरला १ ते ३ ग्रॅम मीठ मिळालं की त्याच्यावरचा ताण कमी होतो.

आणि नायट्राइटचं, म्हणजे माशांच्या घाणीतल्या अमोनियापासून टाकीत तयार होणाऱ्या विषाचं काय? नव्या टाकीत पहिले चार-सहा आठवडे तोच मासे मारतो. कल्ल्यांतल्या ज्या पेशी क्लोराइड आत घेतात, त्यांच्यातूनच नायट्राइटही शिरतो. मग रक्त तपकिरी पडतं, ऑक्सिजन वाहून नेत नाही आणि एअर पंप चालू असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. पाण्यात क्लोराइड भरपूर असलं की नायट्राइटला आत शिरणं अवघड जातं. नवशिक्याकडे टेस्ट किट नसतं. त्याला सरसकट "मीठ बंद" सांगितलं तर त्या महिन्यात त्याच्या माशांना वाचवणार कोण?

काचपेटी
नायट्राइटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याला लागतं किती तेही बघा. मिठात वजनाने ६० टक्के क्लोराइड असतं. १० लिटरला १ ग्रॅम मीठ म्हणजे लिटरला ६० मिलिग्रॅम क्लोराइड. कॅटफिशच्या तळ्यांसाठी वापरतात ते प्रमाण, एक भाग नायट्राइटला दहा भाग क्लोराइड, धरलं तर एवढ्यात लिटरमागे ६ मिलिग्रॅम नायट्राइट आवरतो. ४५ लिटरच्या टाकीला हे झाले साडेचार ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट लहान चमचा भरतो साधारण ६ ग्रॅमचा, म्हणजे एक चमचाही पुरे. तोही एकदाच. पुढे काढलेल्या पाण्यापुरतंच मीठ परत घालायचं.

आणि अमोनियावर मिठाचा काहीच उपयोग नाही. उलट फिल्टरमध्ये झिओलाइट असेल तर त्यानं शोषलेला अमोनिया मिठामुळे परत पाण्यात येतो. झिओलाइट आधी बाहेर, मग मीठ.

लोच_सह्याद्री
मी तर याहून कडक आहे. ज्या टाकीत लोच किंवा कोरी आहेत तिथे नुसतं "थोडंसं" म्हणूनही मीठ नको. आपल्या पश्चिम घाटातला झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायटा, वाहत्या, कमी क्षारांच्या ओढ्यांतला मासा आहे. खवले अगदी बारीक, औषधांना नाजूक. डेनिसन बार्बही तशाच पाण्यातला. निसर्गातच कमी होत चाललेले हे मासे घरी आणून त्यांना कायम खारं पाणी द्यायचं, हे मला अजिबात पटत नाही.

गोल्डी_नाशिक
कायम नको, हे ठीक. पण "खवले नाहीत म्हणून मीठ नाही" हा नियम मात्र ताणलेला आहे. अमेरिकेत चॅनल कॅटफिशला एकही खवला नसतो आणि त्याच्याच तळ्यांत नायट्राइटसाठी मीठ टाकतात. बिघडतं ते एकदम डोस दिल्यामुळे.

लोच_सह्याद्री
तळ्यातलं ते प्रमाण तुमच्या लिटरला ३ ग्रॅमच्या जवळपासही नाही, ते काचपेटींच्या चमच्याच्या हिशेबातलं आहे. तेवढ्याला माझी हरकत नाही. व्हाइट स्पॉटसाठी (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवीचा आजार) लोचच्या टाकीत लिटरला दीड-दोन ग्रॅमच्या पुढे जाऊ नका आणि तिथवरही दोन दिवसांत पोचा.

खाडीकाठ
मॉलीचा विषय कुणीच काढला नाही. "मॉलीला मीठ लागतंच" हे ऐकून लोक गप्पी-मॉलीच्या टाकीत पुडेच्या पुडे ओततात. मॉली खारं पाणी सोसते, अगदी समुद्राचंही. पण मृदू पाण्यात ती जागच्या जागी डुलायला लागते ते बहुतेक वेळा कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडल्यामुळे. आपलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, त्यानं पाण्याचा जडपणा वाढत नाही की पीएच चढत नाही. मुंबईच्या तलावांचं पाणी मृदू आहे, तिथे फिल्टरमध्ये पोवळ्याच्या चुऱ्याची छोटी पिशवी ठेवा. बोअरचं पाणी जड असेल तर त्याचीही गरज नाही. आणि कालुंदर, स्कॅट असे खाडीतले मासे पाळायचे असतील तर सागरी टाकीचं मिश्र मीठ घ्या आणि हायड्रोमीटरवर पाण्याची घनता १.००५ ते १.०१० ठेवा. ते काम स्वयंपाकघरातल्या मिठाचं नाही.

आयोडीनच्या भीतीचंही सांगतो. आयोडीनयुक्त मिठात कारखान्यात दहा लाखांत ३० भाग आयोडीन असतं, घरी पोचेपर्यंत किमान १५ राहावं असा नियम आहे. लिटरला ३ ग्रॅम टाकलं तर लिटरमागे ४५ ते ९० मायक्रोग्रॅम आयोडीन. समुद्राच्या पाण्यात साधारण ६० असतंच. मासे त्यानं मरत नाहीत. तरी जाडं साधं मीठ मिळालं तर तेच घ्या, बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही मिसळलेलं असतं. काळं मीठ मात्र चुकूनही नको. त्याचा तो वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि हायड्रोजन सल्फाइड माशांना विषारी आहे.

नवी_टाकी_पुणे
व्हाइट स्पॉटसाठी मीठ द्यायचं तर नेमकं कसं? की सरळ मॅलकाइट ग्रीन हे औषध वापरावं?

काचपेटी
आधी मीठ आणि उष्णता, झाडं आणि कोळंबी दुसरीकडे हलवून. ठिपके म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी, तिथे त्याच्यावर मिठाचाही परिणाम होत नाही आणि मॅलकाइटचाही. तो गळून तळाशी जातो, तिथे विभागून शेकडो पिल्लं सोडतो. ती मासा शोधत पोहत असताना मरतात. म्हणून चौथ्या दिवशी अंग स्वच्छ दिसलं की मीठ थांबवणारे हमखास फसतात. परजीवी तेव्हा तळाशी असतो, गेलेला नसतो.

हीटर दिवसाला एक-दोन अंशांनी चढवत २९-३० वर न्या आणि एअर स्टोन वाढवा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. मीठ काट्यावर मोजा, टाकीचंच पाणी मगात घेऊन पूर्ण विरघळवा, फिल्टरच्या धारेजवळ ओता. खडे तसेच टाकले तर मासा ते चघळतो आणि तोंड भाजतं. पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम, मग बारा-बारा तासांनी आणखी एकेक, एकूण ३. मासा आडवा व्हायला लागला तर लगेच एक तृतीयांश पाणी बदला. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठवडाभर तसंच ठेवा. पुण्याच्या थंडीत, हीटर नसताना, परजीवीचं चक्र लांबतं, तिथे दोन आठवड्यांचा हिशेब धरू नका.

गोल्डी_नाशिक
गोल्डफिशला ३० अंश नको, त्यांना २६ पुरे, दिवस वाढवा. आणि मासा आधीच कल्ले जोरजोरात हलवत असेल, अंग पूर्ण भरलं असेल, तर मिठाच्या भरवशावर थांबू नका, बाटलीवरच्या मात्रेनं मॅलकाइट सुरू करा. इथे माझं आणि काचपेटींचं जुळत नाही.

काचपेटी
इतक्या वाढलेल्या आजारात मीही अडून बसणार नाही. फक्त लोच असतील तर मॅलकाइट अर्ध्या मात्रेत.

उपचार संपला की ३० टक्के पाणी तीनदा बदला, एकेक दिवस सोडून, बिनमिठाचं. ३ ग्रॅमचं १ वर येतं. टीडीएस मीटर असेल तर मीठ टाकण्याआधीचा आकडा लिहून ठेवा, त्याच्या जवळ येईपर्यंत बदलत राहा.

गोल्डी_नाशिक
मी गोल्डफिशच्या टाकीत नवे मासे आणल्यावर महिनाभर लिटरला १ ग्रॅम ठेवा असंच सांगणार. वजन करून, आणि बदललेल्या पाण्यापुरतंच परत घालून. काचेच्या मागच्या बाजूला पट्टी चिकटवून तारीख आणि ग्रॅम लिहा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी परत मीठ घालणार नाही.