शब्दचर्चा: कवळी, बत्तीशी, की काढायचे दात?

हिंगोलीकर:
आमच्या गावात पुढच्या महिन्यात म्हाताऱ्या माणसांसाठी दातांचं शिबिर आहे. कवळी मिळालेल्यांनी घरी न्यायची पानभर सूचना मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हाती आलेल्या मजकुरात 'काढता-घालता येण्याजोगी अ‍ॅक्रिलिक कृत्रिम दंतपंक्ती' असं लिहिलंय. आजीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हंजी काय रं?" म्हटलं, कवळी. तर म्हणते, "कवळी काय? काकडी?"

आमच्याकडं कोवळ्याला कवळंच म्हणतात. कवळी भेंडी, कवळं कणीस, कवळं ऊन. आजीच्या तोंडी दातांसाठी एक तर 'बत्तीशी', नाही तर नुसता 'सेट'. तर पानावर काय छापू? आणि त्या अ‍ॅक्रिलिकचं काय करू?

लातूरचा दंतवैद्य:
कवळीच छापा. बत्तीशी मात्र नको. पूर्ण कवळीत दात २८ असतात, वर १४ आणि खाली १४. अक्कलदाढा लावत नाहीत. माझ्याकडच्या एका आजोबांनी आरशासमोर बसून दात मोजले आणि चार कमी भरले म्हणून पैसे कमी करा म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं, मीच सुरुवातीला 'बत्तीशी करून देतो' म्हटलं होतं.

अंबाजोगाईच्या बाई (निवृत्त, मराठी):
'कवळी' हा फक्त खोट्या दातांचा शब्द नाही. माझ्या लहानपणी खऱ्या दातांच्या ओळीलाही दातांची कवळी म्हणत. 'पोरीची कवळी कशी मोत्यासारखी आहे' हे मी माझ्या मावशीच्या तोंडून ऐकलेलं आहे. पानवाल्याकडं विड्याच्या पानांची कवळी असते, तीही एकावर एक नीट रचलेली. कवळणं म्हणजे कवेत घेणं. हे सगळे शब्द शेजारी ठेवून बघा, एकत्र धरलेल्या जुडग्याचा अर्थ सगळीकडं आहे. खोटे दात सार्वत्रिक झाले तेव्हा शब्द त्यांच्याकडं सरकला आणि खऱ्या दातांकडून सुटला. आता कुणा तरुणीला 'तुझी कवळी छान आहे' म्हणून बघा!

तुमच्या आजीची काकडी ही वेगळी गोष्ट आहे. तो आपल्याकडचा उच्चार. वाक्यात 'दातांची कवळी' असं एकदा पूर्ण लिहिलंत की गोंधळ मिटतो.

जालन्याचा वाचक:
आमच्याकडं लोक सरळ विचारतात, "काढायचे का फिक्स?" तेच छापा ना. 'काढायचे दात'.

लातूरचा दंतवैद्य:
नको हो. आमच्या केसपेपरवर 'काढायचे दात' म्हणजे उपटायचे दात. एकदा आमच्याच नव्या मुलीनं फोनवर एका बाईंना "तुमचे काढायचे दात तयार आहेत, या" असं सांगितलं. बाई आल्याच नाहीत. शिवाय 'दात काढू नको' हे आपण हसणाऱ्या पोराला म्हणतो, ते तिसरंच. 'काढता-घालता येणारी कवळी' लांब आहे, पण त्यातला 'घालता' महत्त्वाचा.

परभणीचा लॅबवाला:
मी कवळ्या बनवतो, एकवीस वर्षं झाली. डॉक्टर माप घेतात, आम्ही कवळी करतो, रुग्ण आम्हाला कधी बघत नाही. त्यामुळं शब्दांवर आमचं मत कुणी विचारत नाही, आज विचारलं नसताना देतो.

आधी 'साचा' या शब्दाचा निकाल लावा. लोक तीन वेगवेगळ्या वस्तूंना साचा म्हणतात. डॉक्टर तोंडात मसाला भरलेला ट्रे दाबतात आणि बाहेर येतो तो ठसा, म्हणजे तोंडाची उलटी नक्कल. त्या ठशात आम्ही डेंटल स्टोन, म्हणजे प्लास्टरसारखा पण जास्त टणक होणारा माल, कालवून ओततो, ते घट्ट झाल्यावर निघतं ते मॉडेल, म्हणजे जबड्याची सुलटी नक्कल. खरा साचा येतो शेवटी, फ्लास्कमध्ये, म्हणजे दोन भागांत उघडणाऱ्या धातूच्या डब्यात. गणपती करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, ज्याच्यात माल भरतात तो साचा हे त्यांना पक्कं माहीत असतं. डॉक्टर लोकच फोन करून म्हणतात, "साचा पाठवलाय एसटीनं." डबा उघडला की कळतं ठसा आहे का मॉडेल. अल्जिनेटचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या मसाल्याचा, ठसा असला तर तो बसमध्ये तासभर उन्हात वाळून आकसलेला असतो, आणि त्याच्यावर केलेली कवळी तोंडात डगडग करते. शब्द चुकीचा असला की काम बिघडतं ते असं.

दुसरं, 'मेणाची कवळी'. मॉडेलवर आम्ही मेणाची पट्टी उभी करतो, डॉक्टर तिच्यावर वरचा-खालचा जबडा कसा मिटतो त्याची नोंद घेतात, मग मेणात एकेक दात लावतो. ही ट्रायलला जाते. गुलाबी मेण, चकचकीत दात, दिसायला हुबेहूब तयार कवळी. एका गावच्या आजींनी ट्रायललाच हट्टानं घरी नेली आणि चहा प्याल्या. पुढचं सांगत नाही. तुमच्या पानावर हे नसेल, पण शिबिरात बोलताना 'ही अजून कच्ची आहे' म्हणा. 'ट्रायल' म्हटलं की लोकांना वाटतं घालून बघायचं आणि आवडलं तर न्यायचं, साडीसारखं.

आता अ‍ॅक्रिलिक. त्याला मराठी शब्द शोधू नका. आमच्याकडं लोक आक्रेलिक म्हणतात, किंवा प्लास्टिक, आणि ते खोटं नाही. १९३७ च्या आसपास हा माल दातांच्या कामात आला. त्याआधी गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या, काळपट-तपकिरी कवळ्या असायच्या. अ‍ॅक्रिलिकला हिरडीसारखा गुलाबी रंग देता येतो.

पण खरी मराठी आमच्या टेबलावर आहे, आणि ती कुठल्याच परिभाषा कोशातून आलेली नाही. फ्लास्कच्या दोन अर्ध्या भागांत प्लास्टर भरून मेणाची कवळी त्यात पुरायची. मग फ्लास्क उकळत्या पाण्यात ठेवून उघडायचा, मेण वितळून धुऊन जातं. दात प्लास्टरला धरून राहतात आणि मेणाच्या जागी पोकळी उरते. त्या पोकळीत अ‍ॅक्रिलिकची पावडर आणि लिक्विड कालवून भरायचं, मापानं तीन भाग पावडर आणि एक भाग लिक्विड. झाकणाच्या बरणीत ठेवून द्यायचं. आधी ते ओल्या रेतीसारखं असतं. मग बोटाला चिकटतं आणि तार सुटते, पाकाची सुटते तशी. तारेवर असताना भरायचं नाही. तार सुटायची बंद झाली, भांड्याला चिकटेना, की उंडा झाला. आम्ही 'उंडा'च म्हणतो, भाकरीचा असतो तोच. उंडा हातानं लांबवला की लगेच फ्लास्कमध्ये. उशीर केला तर ते रबर होतं, दाबून दबत नाही, आणि जबरदस्ती केली तर दात जागचे हलतात.

हे सगळं मे महिन्यात परभणीत करून बघा. बाहेर ४३-४४ अंश, लॅबमधला पंखा गरम हवा फेकतो, उंडा म्हणता म्हणता हातात रबर. त्या दिवसांत आम्ही बरणी आधी फ्रिजमध्ये गार करून घेतो, म्हणजे थोडी सवड मिळते. पण बरणी बाहेर काढली की तिला घाम येतो, आणि त्या पाण्याचा एक थेंब उंड्यात गेलेला चालत नाही. म्हणून पुसायला कोरडं फडकं आधी, पावडर नंतर.

हिंगोलीकर:
आणि 'क्युअरिंग'? मजकुरात तो शब्द दोनदा आहे. आमचे काका गवंडीकामाला होते, त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कवळीला पाणी मारतेत का?"

परभणीचा लॅबवाला:
काका बरोबर आहेत, स्लॅबच्या क्युरिंगला पाणी मारतात. आमच्याकडं फ्लास्क आख्खाच पाण्यात असतो. आम्ही 'शिजवणं' म्हणतो. "दोन सेट शिजायला टाकलेत." ७४ अंशाच्या पाण्यात आठ-नऊ तास, किंवा घाई असली तर ७४ ला दोन तास आणि वर उकळत्या पाण्यात एक तास. सुरुवातीलाच भडाभडा उकळलं तर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. लिक्विड १०० अंशाच्या जेमतेम वर उकळतं, आणि घट्ट होताना माल आतून स्वतःही तापतो. जाड भागात ही ऊब अडकते, लिक्विडची वाफ होते आणि आत बारीक बारीक बुडबुडे राहतात.

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. दुपारभर लाईट नव्हती, संध्याकाळी आली, कवळी सकाळच्या पहिल्या गाडीनं पाठवायची होती. मी थेट उकळीवर ठेवली. रात्री उशिरा फ्लास्क फोडला, वरून झकास. लेथवर, म्हणजे घासायच्या फिरत्या चाकावर, प्युमिसची पूड लावून घासायला घेतली तर खालच्या कवळीच्या मागच्या बाजूला, जिथं माल सगळ्यात जाड असतो, पांढरे ठिपके. अजून घासलं तर अजून ठिपके. आमचे उस्ताद मागून बघून म्हणाले, "जाळी पडली की रे." पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि त्या दिवशी दुसऱ्या गाडीनं मीच घेऊन गेलो.

'जाळी' हा शब्द मला फार आवडतो. अनारशाला जाळी पडली तर सासू खूश, कवळीला पडली तर मालक शिव्या घालतो. पुस्तकात 'सच्छिद्रता' आहे. तो शब्द मी परीक्षेत लिहिला होता, त्यानंतर आजपर्यंत नाही.

अंबाजोगाईच्या बाई:
उंडा, तार, शिजवणं, जाळी. तुमची लॅब म्हणजे चूलच आहे की हो.

परभणीचा लॅबवाला:
बाई, एक शेतातलाही घ्या. दात गेल्यावर हिरडीखालचं हाड उंचवट्यासारखं उरतं, त्यावर कवळी टेकते. डॉक्टर 'रिज' म्हणतात, मराठी पुस्तकात काय काय म्हणतात. मी 'वरंबा' म्हणतो. सरी-वरंब्यातला. एकदा एका शेतकरी आजोबांना डॉक्टर समजावत होते, मी ट्रायलला सोबत गेलो होतो. आजोबांना कळेना खालची कवळी का हलते. मी म्हटलं, "बाबा, दात काढून वर्षं झाली, खालचा वरंबा पार झिजून गेला, आता कवळी धरणार कशाला?" लगेच म्हणाले, "हां, पाण्यानं बांध खचल्यागत." वरच्यापेक्षा खालचा वरंबा जास्त झिजतो. शिवाय वरची कवळी टाळूवर पसरते, थुंकीच्या पातळ थरानं चिकटून राहते. खालच्या कवळीला जीभ मध्ये असल्यानं तेवढी जागाच मिळत नाही. हे सगळं त्या एका शब्दातून सांगता येतं.

लातूरचा दंतवैद्य:
वरंबा मी उद्यापासून वापरणार. नवीन कवळीवाले मला नेहमी विचारतात, हुरडा खाता येईल का. येतो, पण पहिल्या आठवड्यात नाही, आणि पुढच्या दातांनी कणीस ओरबाडून तर कधीच नाही. मळून, पाखडून, थोडा थोडा दोन्ही बाजूंनी चावायचा. इथं तुमच्या आजीचा शब्द कामाला येतो. 'कवळा हुरडा आधी, निबर नंतर' असं सांगितलं की समजतं.

जालन्याचा वाचक:
एक शंका. लॅबवाल्यांना म्हणायचं काय? टेक्निशियन?

परभणीचा लॅबवाला:
१९४८ च्या दंतवैद्य कायद्यात आम्हाला 'डेंटल मेकॅनिक' म्हटलं होतं. माझ्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर मी 'मेकॅनिक' लिहिलं तर मास्तरांनी विचारलं, गॅरेज कुठाय? तेव्हापासून 'दातांची लॅब' लिहितो. 'दंतयंत्रज्ञ' म्हणून एक पाटी बघितली होती, फार दिवस टिकली नाही.

हिंगोलीकर:
बरं, पानाचा मसुदा असा केलाय, बघा:

'तुम्हाला दातांची कवळी दिली आहे. ती काढता-घालता येते. रात्री झोपताना काढा आणि पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी ठेवू नका. जेवल्यावर काढून धुवा. धुताना खाली पाण्याचं भांडं किंवा ओला टॉवेल धरा, हातातून निसटली तर फुटणार नाही. साबण आणि मऊ ब्रश वापरा, राखुंडीनं घासू नका. कडक पाण्यात टाकू नका. चिरली तर घरी गोंद लावू नका, तुकडे घेऊन या. हिरडीला टोचत असेल तर स्वतः घासू नका, डॉक्टरला दाखवा.'

लातूरचा दंतवैद्य:
चांगलं आहे. फक्त 'कडक पाणी' म्हणजे जड पाणी वाटेल का? आपल्याकडं बोअरचं पाणी इतकं खारं की कवळीवर पांढरा थर बसतो. लोक म्हणतील मग भिजवायची कशात?

परभणीचा लॅबवाला:
कुणी म्हणणार नाही. आंघोळीला 'कडक पाणी काढ' म्हणतात, म्हणजे चांगलं गरम, तेच हे पाणी. बोअरच्या पाण्याला 'खारं' म्हणतात, कडक कुणी म्हणत नाही. तसंच राहू द्या. खारं पाणी भिजवायला चालतं, पांढरा थर रोज ब्रशनं काढायचा. कडक पाण्यानं मात्र कवळी वाकडी होते आणि मग ती माझ्याकडं येते.

अंबाजोगाईच्या बाई:
आणि 'राखुंडी' तशीच ठेवा. आजीला ती न सांगता कळते, आणि नेमकी तीच कवळीला घासायला घेईल.

हिंगोलीकर:
ठेवली. आजीला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "आता कळलं. पण कवळी म्हणू नको, सेट म्हण." पान कवळीचंच छापतोय, घरात सेट म्हणतो.