आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावी, पण कुठवर?

मूळ मत :
माझी ईश्वरावर श्रद्धा आहे आणि कठीण काळात तिनेच मला सावरले, हे मी कुणापासून लपवत नाही. मात्र 'मला प्रार्थनेने बळ मिळाले' हे अनुभवाचे कथन आहे, तर 'तू प्रार्थना केली नाहीस म्हणून ही वेळ आली' हा समोरच्याविषयी दिलेला निवाडा आहे. म्हणून कुणी विचारल्याशिवाय हा विषय काढूच नये, असे मला वाटते.

पहिला प्रतिसाद (असहमत) :
शेवटचे वाक्य मला पटत नाही. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील कलम १८ धर्म पाळण्याचे आणि बदलण्याचेही स्वातंत्र्य देते. दुसरा मार्ग कुणी समजावून सांगितलाच नाही, तर बदलण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहील. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९३ मध्ये ग्रीसमध्ये धर्मप्रचाराबद्दल शिक्षा झालेल्या कोक्किनाकिस यांच्या खटल्यात हेच म्हटले होते. जे आपल्याला मनापासून सत्य वाटते, ते जिवलगांपासून राखून ठेवणे मला आपलेपणाचे वाटत नाही.

दुसरा प्रतिसाद (दोघांशीही अंशतः असहमत) :
मी श्रद्धाळू नाही. कोण कुणाला सांगतो आहे, हा प्रश्न तुम्ही दोघांनीही सोडून दिला आहे. त्याच न्यायालयासमोर १९९८ मध्ये लारिसिस खटला आला. हवाई दलातील अधिकाऱ्यांनी हाताखालच्या जवानांना धर्म सांगितल्याबद्दल झालेली शिक्षा न्यायालयाने ग्राह्य धरली. परंतु सामान्य नागरिकांना सांगितल्याबद्दलची शिक्षा मात्र अयोग्य ठरवली, कारण नागरिक बोलणे थांबवू शकत होते आणि जवानाला वरिष्ठांसमोरून उठून जाणे सोपे नव्हते. माझे एक वरिष्ठ अत्यंत सौम्य शब्दांत मला प्रार्थनासभेचे निमंत्रण देत असत. त्यांनी कधी आग्रह केला नाही, तरी प्रत्येक नकारानंतर मी वार्षिक मूल्यमापनाच्या धास्तीत राहत असे.

मूळ लेखक :
हा अनुभव वाचून मी माझे मत बदलतो. बरोबरीच्या मित्राजवळ विषय काढायला हरकत नसावी. मात्र हाताखालची माणसे, विद्यार्थी आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांच्याबाबतीत विचारल्याशिवाय न बोलण्याचा नियम मी कायम ठेवतो.

पहिला प्रतिसादक :
रुग्णाबाबत मी अजूनही असहमत आहे. कित्येकदा त्यालाच प्रार्थना हवी असते आणि संकोचाने तो मागत नाही. एकदा हळूच विचारावे. 'नको' म्हणाला, तर पुन्हा तो विषय न काढता त्याच्याजवळ तसेच बसून राहावे.