विषय : मारुती जिप्सी गाडीचा गिअरबॉक्स बोटभर अंतरावर अडला आहे, बोल्टने ओढावा का?

चोपडेकर (सध्या गावी) :

सप्रेम नमस्कार.

आपल्या परदेशस्थ खानदेशी मंडळाच्या या यादीवर मागच्या पत्रव्यवहारात ठरल्याप्रमाणे क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबताच ती सोडवणारे रिलीज बेअरिंग नवीन घातले असून दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या सिंक्रो रिंगाही (गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी कडी) बदलल्या आहेत. आता गिअरबॉक्स इंजिनाला भिडवताना बोटभर (एका बोटाच्या जाडीइतकी) फट राहते आणि त्यापुढे तो हलत नाही. फट चहूबाजूंनी सारखी आहे. मदतीला आलेले गावचे मिस्त्री म्हणतात की बोल्ट लावून आळीपाळीने आवळत गेल्यास बॉक्स आपसूक आत ओढला जाईल. मला ते पटत नाही. परंतु गाडी अंगणात जॅकवर उभी आहे, आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली आहे आणि बहिणीला आणायला शहाद्याला जायचे आहे. बोल्ट आवळावेत की नाहीत, एवढेच कृपया सांगावे.

भुसावळकर :

आवळू नयेत. सगळे जागेवर असेल तर गिअरबॉक्स हाताने आत जातो. बोल्टचे काम त्याला तिथे धरून ठेवणे एवढेच असते. तो हाताने जात नाही याचा अर्थ काहीतरी आडवे आले आहे, आणि बोल्टने ओढल्यास त्याचा चुराडा होणार. एक तर बेल हाउसिंगचा (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाचा) ॲल्युमिनियमचा कान तुटेल, नाहीतर फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या) मध्यातले छोटे पायलट बेअरिंग चेपेल, नाहीतर क्लच प्लेटचा मधला भाग वाकेल. यातले तिसरे सर्वांत वाईट, कारण ते बाहेरून दिसत नाही. गाडी चालू होते, चालतेही. पण पेडल पूर्ण दाबूनही प्लेट फ्लायव्हीलला घासत राहते, रिव्हर्स टाकताना दात करकरतात आणि मग सगळा दोष आपण नुकत्याच घातलेल्या रिंगांवर टाकला जातो.

दुसरे असे की, गाडी जॅकवर आहे असे आपण लिहिले आहे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. चेसिसखाली स्टँड किंवा बाभळीचे रुंद ओंडके लावावेत. विटा लावू नयेत, त्या न सांगता फुटतात. इंजिनाच्या मागच्या बाजूलाही टेकू हवा, कारण गिअरबॉक्स काढल्यावर इंजिन मागे कलते, आणि कललेल्या इंजिनाला सरळ बॉक्स बसत नाही.

पारोळेकर :

भुसावळकरांची उमेद लोको शेडमध्ये गेली असल्याने त्यांच्या शब्दाला मान आहेच. तथापि आमच्या वडिलांच्या जीपचा बॉक्स दर वेळी बोल्टनेच ओढला जात असे, आणि तीच जीप वऱ्हाड भरून चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढत असे. तिचा कान कधी तुटला नाही. मोटारींच्या प्रश्नांना या यादीवर मी पहिल्यापासून उत्तरे देत आलो आहे, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. मिस्त्री समोर उभे आहेत, गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे आहे; परदेशात बसून त्यांना खोटे ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे.

रावेरकर :

पारोळेकर भाऊजी, जुन्या जीपचे बेल हाउसिंग बिडाचे असे, त्यामुळे ते तग धरत असेल. जिप्सीचे तसे नाही. शिवाय कान टिकला म्हणजे प्लेटही सरळ राहिली असे सिद्ध होत नाही.

मूळ प्रश्नाकडे येते. फट किती आहे, यावरूनच उत्तर मिळते. गिअरबॉक्स पुढे सरकतो तेव्हा त्याचा प्रायमरी शाफ्ट (बॉक्समधून पुढे आलेला दांडा) आधी क्लच प्लेटच्या खाचांत शिरतो आणि शाफ्टचे निमुळते टोक सर्वांत शेवटी पायलट बेअरिंगमध्ये जाते. फट तीन-चार बोटे असती, तर शाफ्टच्या आणि प्लेटच्या खाचा जुळत नाहीत असे समजले असते; तेव्हा गिअर टाकून बॉक्सच्या मागचा शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला की खाचा जुळतात. आपली फट बोटभर आहे आणि चहूबाजूंनी सारखी आहे. म्हणजे बॉक्स तिरका नाही, खाचाही जुळल्या आहेत. टोक मात्र बेअरिंगच्या भोकात जाण्याऐवजी त्याच्या काठावर आदळते आहे. प्लेट मध्यावर नाही, ती खाली उतरलेली आहे. तेव्हा प्लेट मध्यावर धरण्यासाठी काय वापरले, हे आधी कळवावे.

क्लचच्या संचासोबत मिळणारी प्लास्टिकची पिन वापरली असेल, तर ती बेअरिंगमध्ये लुळी बसते का ते पाहावे. लुळी असेल तर प्रेशर प्लेट आवळताना क्लच प्लेट स्वतःच्या वजनाने खाली येते. याला खात्रीचा उपाय म्हणजे भंगारातल्या गिअरबॉक्सचा जुना प्रायमरी शाफ्ट. चोपड्यात नसला तर जळगावला हमखास मिळेल. बॉक्स पूर्ण बाहेर घ्यावा, प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे सैल करावेत, जुना शाफ्ट आत घालून प्लेट मध्यावर आणावी आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जावे. सगळे आवळल्यावरही शाफ्ट विनासायास आत-बाहेर झाला पाहिजे. बॉक्स बाहेर काढताना किंवा परत बसवताना तो अर्धवट शाफ्टवर लोंबकळत ठेवू नये. प्लेट वाकते ती बहुतेक वेळा तेव्हाच.

बॉक्स अडलेला असताना कोणीतरी पेडल दाबून प्लेट मोकळी करावी, अशीही एक युक्ती सांगतात. रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांसारख्या पट्ट्यांपर्यंत पोहोचले असेल तरच ती लागू पडते, आणि फटीत दुसऱ्याचे हात असताना घरी ती करू नये.

कार्यवाह :

सर्वांना विनंती आहे की, आखाजीच्या कार्यक्रमाची नावनोंदणी या पत्रांखाली बुडत आहे; पुरणाचे मांडे भाजायला खापर कोण आणणार, याला अद्याप उत्तर नाही. चर्चा थांबवावी असे मी म्हणत नाही. इकडे माझ्या गाडीचा क्लच बदलून घेतला तेव्हा सामानापेक्षा मजुरीच अधिक पडली होती, त्यामुळे मीही सगळे वाचतो आहे.

पारोळेकर :

कार्यवाहांस : खापर माझ्याकडे आहे. मागच्या वेळी ते तडा जाऊन परत आले होते, म्हणून या वर्षी मी स्वतःच आणीन आणि स्वतःच नेईन.

बॉक्समध्ये तेल कोणते घालणार, याचा कोणी विचार केलेला दिसत नाही. डिफरन्शियलसाठी (चाकांच्या आसावरच्या गिअरपेटीसाठी) आणलेला ८०डब्ल्यू-९० चा डबा घरात असेल, तर तेच घालावे. ग्रेड तोच आहे, वेगळा खर्च कशाला?

अमळनेरकर :

फक्त तेलाविषयी लिहितो. ८०डब्ल्यू-९० हा तेलाचा घट्टपणा झाला. डब्यावर पुढे तेलाचा वर्ग जीएल-४ लिहिला आहे की जीएल-५, हे त्याहून महत्त्वाचे. डिफरन्शियलमधल्या हायपॉइड गिअरांचे दात एकमेकांवर दाबाखाली घसरतात, म्हणून त्यांना जीएल-५ लागते आणि त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्ये भरपूर असतात. गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगेचे काम नेमके उलटे आहे. तिने गिअरच्या शंकूला घासून क्षणभर पकडले पाहिजे, तरच दोन्हींचा वेग सारखा होतो आणि गिअर न करकरता पडतो. तेल फार निसरडे असेल तर ही पकड बसत नाही, आणि काही द्रव्ये पितळ खातात. हल्ली काही डब्यांवर दोन्ही आकडे छापलेले असतात, तरी नव्या रिंगा घातलेल्या बॉक्समध्ये मी निव्वळ जीएल-४ च घालीन. बॉक्सच्या बाजूचा लेव्हलचा बोल्ट काढून तिथून तेल पाझरू लागेपर्यंत भरावे. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) वेगळी असते आणि तिचे तेलही वेगळे भरावे लागते, हे विसरू नये.

पारोळेकर :

वडिलांच्या जीपमध्ये आम्ही इंजिनाचे जुने तेलसुद्धा घातले आहे.

रावेरकर :

भाऊजी, म्हणूनच ती जीप दुसऱ्या गिअरमधून आपोआप बाहेर पडत असे. ते आपणच मागे एकदा लिहिले होते.

चोपडेकर :

रावेरकर ताईंचे निदान बरोबर निघाले. पिन पायलट बेअरिंगमध्ये घातली तेव्हा ती हलत होती. जळगावच्या भंगारबाजारातून जुना प्रायमरी शाफ्ट मागवला, त्यावर प्लेट मध्यावर घेतली आणि बॉक्स दोघांच्या हातांनी भिडला. बोल्टला ओढावे लागले नाही. मिस्त्रींनी शाफ्ट स्वतःकडे ठेवून घेतला आहे. जीएल-४ भरून इंजिन चालू केले असता सगळे गिअर पडतात, परंतु रिव्हर्स टाकताना किंचित आवाज येतो. प्लेट वाकली असेल का?

भुसावळकर :

लगेच तसे समजू नये. क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा, कारण रिव्हर्सला सिंक्रो नसतो आणि आतला शाफ्ट थांबायला तेवढा वेळ लागतो. थांबूनही आवाज आला, तर क्लचची केबल पाहावी. जुन्या झिजलेल्या प्लेटसाठी जुळवलेली केबल नव्या संचाला तशीच चालत नाही. पेडलचा सुरुवातीचा मोकळा खेळ जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. खेळ अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग सतत टेकलेले राहते आणि प्लेट घसरू लागते. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाइतका खेळ ठेवून केबलची नट घट्ट करावी. एवढे करूनही आवाज राहिला, तर प्लेटविषयी बोलू.

नवी प्लेट घासून नीट बसेपर्यंत शहाद्याच्या रस्त्यावर अर्ध्या क्लचवर गाडी रेटू नये, आणि येताना बहीण व सामान घेऊन तोरणमाळचा घाट दाखवण्याचा बेत कोणी काढल्यास त्याला पुढच्या खेपेचे आश्वासन द्यावे.