आई-बाबांना उंचावरून मुंबई दाखवायची आहे. फुकटात किंवा कमी पैशांत कुठून दिसेल?

माळरान

नमस्कार. मी लातूरची, दोन वर्षं झाली अंधेरी पूर्वेला पीजीत राहते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पहिल्यांदाच मुंबईला येत आहेत, चार दिवसांसाठी. बाबांनी एकच मागणी केली आहे, "एकदा उंचावरून सगळी मुंबई बघू दे."

गच्चीवरच्या एका हॉटेलात फोन करून बघितला. माणशी ठरावीक बिल करावंच लागेल म्हणाले. तिघांचा हिशेब केला तर माझे महिन्याचे डब्याचे पैसे होतात. आमच्या पीजीच्या गच्चीला कुलूप आहे. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालंय. थांबत थांबत वीस-पंचवीस पायऱ्या चढतात, त्याहून जास्त नको. आई ठणठणीत आहे. कुठे नेऊ? जरा नीट सांगा, कारण चारच दिवस आहेत आणि बाबा पुन्हा कधी येतील माहीत नाही.

मशीनरूम

ताई, मी लिफ्टचा मेकॅनिक. ३१ वर्षं नोकरी केली, चार वर्षांपूर्वी रिटायर झालो. जुन्या इमारतींत लिफ्टची मशीन रूम गच्चीच्याही वर असते. सगळ्यात वरच्या फ्लॅटवाल्याला जे दिसत नाही ते आम्हाला दिसायचं. वरळीच्या एका बावीस मजली इमारतीत मशीन रूमला पश्चिमेकडे लोखंडी झडपेची खिडकी होती. आत मोटरचा उकाडा, ग्रीसचा वास. ब्रेकचं काम संपलं की चिंधीला हात पुसायचे आणि झडप उचलायची. वारा असा घुसायचा की कंट्रोलरवर ठेवलेला कामाचा कागद उडून मोटरखाली जायचा. खाली समुद्र, त्यात कोळ्यांच्या होड्या, आणि उन्हाचा पट्टा पाण्यावरून सरकत सरकत किनाऱ्याकडे येताना दिसायचा. मी रोज डबा तिथेच खायचो.

घरी येऊन हे सांगितलं की बायको म्हणायची, एकदा मलाही दाखवा. रिटायर व्हायच्या महिन्यात तिला एका सोसायटीत घेऊन गेलो. तिथली लिफ्ट मी अकरा वर्षं सांभाळली होती. वॉचमनने सेक्रेटरींना फोन लावला, बाहेरच्या माणसाला गच्ची नाही असं उत्तर आलं. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. खालच्या बाकावर दहा मिनिटं बसून आम्ही परत आलो. तेव्हापासून दर रविवारी दोघं डबा घेऊन निघतो आणि कुलूप नसलेल्या जागा शोधतो. म्हणून तुमच्या प्रश्नाला मनापासून उत्तर देतोय.

माझा अनुभव असा की उंची शोधू नका, समोरची मोकळी जागा शोधा. मुंबईत कुठल्याही गच्चीवरून आज जे दिसतं ते पाच-सात वर्षांत समोरचा टॉवर झाकून टाकतो. समुद्र, खाडी, रेल्वेचे रूळ, जंगल यांच्या काठावर उभे राहा. तिथे पहिल्या मजल्याएवढी उंचीही पुरते.

बाबांसाठी पहिली जागा मलबार हिल. टॅक्सी किंवा बस थेट वरपर्यंत जाते, चढण गाडीच चढते. कमला नेहरू पार्कात, जिथे म्हातारीचा बूट आहे, तिथून खाली गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची अख्खी कमान दिसते. प्रवेश फुकट. रस्ता ओलांडला की हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान. ही बाग १८८१ च्या सुमाराला पाण्याच्या मोठ्या जलाशयावर केलेली आहे, हिरवळीखाली शहराचं पिण्याचं पाणी आहे. तिथून देखावा फारसा नाही, पण बाबांना टेकायला बरी. जवळच २०२५ मध्ये महापालिकेने झाडांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग सुरू केला. आपल्याला २५ रुपये तिकीट, वेळ ऑनलाइन ठरवावी लागते. शनिवार-रविवार टाळा.

संध्याकाळ दादरला काढा. चैत्यभूमीजवळ समुद्रात पुढे आलेली माता रमाबाई आंबेडकर स्मृती दर्शक गॅलरी आहे. पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या नाल्याच्या मुखावर ती बांधली आहे. बसायला जागा आहे, प्रवेशाला पैसे नाहीत, आणि समोर वांद्रे-वरळी सी लिंक आडवा पसरलेला दिसतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, त्यामुळे पाचलाच जाऊन जागा धरा. फक्त ६ डिसेंबरच्या आसपास जाऊ नका. महापरिनिर्वाण दिनाला लाखो माणसं येतात. त्या दिवसांत तिथे दर्शनाला जावं, देखाव्याला नाही. तुमचे दुसऱ्या आठवड्यात येतायत, तर अडचण नाही.

सी लिंकवर पायी जाता येत नाही, हे आधीच सांगतो. पुष्कळ लोक विचारतात.

आता तुमच्या घराजवळचं. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. काळ्या बसाल्टचा सुळका, सुमारे ६१ मीटर उंच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वर गावदेवीचं देऊळ. पण पायऱ्या खूप आहेत, बाबांना नेऊ नका. आईला घेऊन तुम्ही सकाळी जाऊन या. वरून समुद्र दिसतो, मात्र टॉवरच्या फटींतून, तुकड्या-तुकड्यांनी. मला तर तो डोंगर खालून बघायलाच जास्त आवडतो. दगडाचे उभे खांब एकमेकांना चिकटवून ठेवल्यासारखे दिसतात. खालच्या गल्लीतून मान वर करून बाबांनाही बघता येईल.

शेवटी आमची दोघांची लाडकी जागा सांगतो, तुमच्या चार दिवसांत बसेल का माहीत नाही. शीवचा, म्हणजे सायनचा किल्ला. स्टेशनच्या पूर्वेला, नेहरू उद्यानातून वर जायचं. सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधला, कारण त्यांची हद्द तिथे संपत होती आणि पलीकडे पोर्तुगीजांचं साष्टी बेट सुरू होत होतं. आता पडक्या भिंती आणि एक मोडकी खोली उरली आहे. पण वर गेलं की पूर्वेकडे सगळं सपाट, मिठागरं आणि खाडी. बायकोला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्या खिडकीतून असंच दिसायचं का?" मी म्हटलं, त्या खिडकीला समुद्र होता. ती म्हणाली, "पण तिथे मी नव्हते." पोळी-भाजी उघडली आणि तिथेच जेवलो.

खाडीकाठ

काकांनी रूळ आणि खाडी म्हटलं म्हणून लिहिते. मी रोज कुर्ला-वाशी करते. मानखुर्द सोडलं की आधी खारफुटी लागते आणि मग लोकल ठाण्याच्या खाडीवरच्या पुलावर येते. अख्खा डबा उजळतो. मोबाइलमध्ये डोकं घातलेली माणसंसुद्धा एकदा बाहेर बघतात, हे मी नऊ वर्षं पाहते आहे. भरती असेल तर दोन्हीकडे पाणीच पाणी, ओहोटी असेल तर चिखलावर बगळे. तिकीट चहा-वडापावपेक्षा स्वस्त. दुपारी बारा ते तीनमध्ये जा म्हणजे बाबांना खिडकी मिळेल. वाशीला उतरायचं, चहा घ्यायचा, परत फिरायचं. उंची नाही, पण बसल्या जागी दिसतं, आणि गुडघ्याला तेच बरं.

वेसावकर

अंधेरीला राहता आणि वेसावे (म्हणजे वर्सोवा) ते मढ फेरीबोट अजून कुणीच सांगितली नाही? मेट्रोने वर्सोव्याला या, तिथून रिक्षाने जेट्टी. फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे पोचवते, भाडं किरकोळ. पाण्याच्या मधोमध मागे वळून बघा. एका बाजूला आमचा कोळीवाडा, नांगरलेल्या बोटी, त्यांची रंगीत निशाणं, आणि मागे वर्सोव्याचे टॉवर. मुंबई कुठून सुरू झाली आणि कुठे पोचली ते एका नजरेत दिसतं. एकच काळजी घ्या, ओहोटीला बोट खाली जाते आणि चढ-उतार अवघड होतो. भरतीची वेळ बघून या. सुक्या मासळीचा वास आईला चालणार असेल तर वाळवणंही दाखवा.

शिवडी_पूर्व

मलबार हिलला माझा विरोध नाही, पण डिसेंबरात सकाळी जाऊ नका. धुरकं एवढं असतं की मरीन ड्राइव्हचं पलीकडचं टोक पुसल्यासारखं दिसतं. लांबचं बघायचं तर दुपारनंतर. खरी स्वच्छ हवा पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या शेवटी मिळते, पण तुमच्या तारखा ठरल्या आहेत.

दुमजली बसचंही बघा. उघड्या गच्चीच्या बस २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाल्या, त्यामुळे जुने फोटो बघून शोधत बसू नका. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी ११५ नंबरची एसी दुमजली आहे, कमीत कमी भाडं १२ रुपये. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर फोर्टातल्या इमारतींच्या कमानी, जाळ्या, दगडी चेहरे डोळ्यांसमोरून जातात. रस्त्यावरून चालताना ते कधीच दिसत नाहीत. बसमधला जिना अरुंद आहे. बस उभी असतानाच बाबांना चढवा आणि ती पूर्ण थांबल्याशिवाय सीटवरून उठवू नका.

मशीनरूम

शिवडीकरांचं धुरक्याबद्दल बरोबर आहे, मी लिहायचं विसरलो. मेट्रोवरून एक आठवलं. अंधेरीहून घाटकोपरला जाणाऱ्या मेट्रोत असल्फ्याच्या आसपास टेकडीवरची वस्ती दिसते, घरांच्या भिंती रंगीबेरंगी केलेल्या. आणि गुंदवलीहून दहिसरकडे जाणाऱ्या मेट्रोत उजव्या खिडकीत बसलं तर आरेपासून पुढे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सोबत येतात. मेट्रो स्टेशनात लिफ्ट असते. बाबांना जिना चढवू नका, फलाटाच्या कोणत्या टोकाला लिफ्ट आहे ते आधी विचारून घ्या. लिफ्ट बंद दिसली तर स्टेशनवर जरूर तक्रार करा, म्हणजे दुरुस्तीला माणूस लवकर येतो.

माळरान

सगळ्यांचे आभार. आई-बाबा काल रात्रीच्या गाडीने परत गेले. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

दादरची गॅलरी आईला सगळ्यात आवडली. आम्ही पावणेपाचला गेलो, सूर्य बुडाल्यावरही ती उठेना. सी लिंकवरचे दिवे लागले तेव्हा म्हणाली, आता हे घरी कसं सांगायचं? वाशीचा पूल दोघांनाही आवडला. खाडीकाठ ताई, तुमचं खरं आहे, शेजारच्या दोन मुलांनी मोबाइल खाली ठेवून बाहेर बघितलं. वेसाव्याला जाणं जमलं नाही, भरतीची वेळ जुळली नाही. गिल्बर्ट हिलवर मी आणि आई गेलो, बाबा खाली चहाच्या टपरीवर थांबले. आम्ही खाली आलो तर ते टपरीवाल्याला विचारत होते, हा दगड विहीर खोदताना लागतो तसलाच का?

मलबार हिलचं सांगायचं आहे. दुपारी साडेतीनला पोचलो. मरीन ड्राइव्ह छान दिसला, बाबांनी दोन मिनिटं बघितला, "मोठं आहे" म्हणाले. मला वाटलं आवडलं नाही. मग हँगिंग गार्डनमध्ये बाकावर बसलो आणि काकांनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं, की या बागेखाली पिण्याचं पाणी आहे. बाबा एकदम सावरून बसले. "खाली? आत्ता?" तीनदा विचारलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा मी शाळेत होते. बाबा पहाटे अडीचला उठून घागरी घेऊन टँकरच्या रांगेत लागायचे, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातली जास्वंद वाळून गेली. ते उठले, कडेला जाऊन वाकले आणि गवतावर हात ठेवला. एवढं वाकायला डॉक्टरांनी मना केलंय, पण मी काही बोलले नाही. तिथल्या माळीकाकांशी ते अर्धा तास बोलत होते. शेजारच्या काकांना त्यांनी एकच फोटो पाठवला, हिरवळीचा. खाली लिहिलं, "याच्याखाली पाणी आहे."

तिघांचं चार दिवसांचं बघण्याचं तिकीट म्हणजे फक्त लाकडी मार्गाचे ७५ रुपये. बाकी प्रवासाला लागले तेवढेच.

काका, रविवारी मी शीवच्या किल्ल्यावर जाणार आहे.

मशीनरूम

बाबांचं वाचून बायकोलाही दाखवलं. किल्ल्यावर एकट्या जाऊ नका, एखादी मैत्रीण सोबत घ्या, आणि सकाळी नऊनंतर जा. तेव्हा बागेत माणसांची वर्दळ सुरू झालेली असते. दुपारच्या उन्हाआधी उतरा. वर पाणी मिळत नाही, बाटली खालूनच भरून घ्या.