इटली-जर्मनी 'जनतेने' एक केले? कुठल्या जनतेने?

गच्चीवरून:
परवा इथेच एकाने लिहिलं, "भाषा एक, रक्त एक, मग देश एक व्हायला कितीसा वेळ? जनतेने ठरवलं आणि करून दाखवलं." वर दोनशे लाइक. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

कुठली जनता हो? जुलै १८५८ मध्ये पीडमाँट या उत्तर इटलीतल्या राज्याचा पंतप्रधान कावूर फ्रान्समधल्या प्लाँबिएरला जाऊन फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनशी गुपचूप सौदा करून आला. ऑस्ट्रियाशी लढायला फ्रेंच सैन्य, बदल्यात फ्रान्सला सव्हॉय प्रांत, आणि पुढे नीसही. नीस म्हणजे गॅरिबाल्डीचं जन्मगाव! हजार लाल डगलेवाले स्वयंसेवक घेऊन जो सिसिलीत लढायला उतरला, त्याचंच गाव परक्याच्या पदरात. १८६१ ला राज्य जाहीर झालं, तर गादीवर आलेल्या पीडमाँटच्या राजाने नावापुढचा आकडाही बदलला नाही. इटलीचा पहिला राजा कोण, तर व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा. पीडमाँटच फुगून इटलीएवढं झालं, दुसरं काय?

प्रशिया या जर्मन राज्याचा पंतप्रधान बिस्मार्क, त्याचं तर विचारूच नका. १८६६ ला शेजारच्या हॅनोव्हरचं अख्खं राज्य राजासकट गिळलं. १८७१ ला साम्राज्य जाहीर केलं ते व्हर्सायच्या आरसेमहालात, राजेरजवाडे आणि सेनापतींच्या घोळक्यात. जनता गेली होती कुठे?

तिरफळ:
अर्धवट माहिती. ते हजार जण पगारासाठी सिसिलीच्या मार्साला बंदरात उतरले नव्हते. वकील होते, डॉक्टर होते, विद्यार्थी होते. आणि एक इटलीसाठी झटणाऱ्या क्रांतिकारक मॅझिनीला सोयीने वगळलंत. त्याचं आत्मचरित्र सावरकरांनी मराठीत आणलं, १९०७ ला छापलं, तर इंग्रजांनी बंदी घातली. नुसता सौदाच होता तर सरकार घाबरलं कशाला?

गच्चीवरून:
इंग्रज पुण्यात पुस्तकाला घाबरले, यावरून सिसिलीत काय घडलं ते कसं कळणार? ऑगस्ट १८६० मध्ये तिथल्या ब्राँते गावचे शेतकरी जमिनीसाठी उठले, गावातली बडी माणसं मारली. गॅरिबाल्डीचा सेनाधिकारी बिक्सिओ याने पाच जणांना गोळ्या घातल्या. जमीन राहिली बाजूलाच.

इसारकाठी:
'भाषा एक' वाचून चहा सांडला. म्युनिकला नऊ वर्षं काढलीत. बर्लिनला शिकलेलं जर्मन घेऊन इकडे आलो, पहिल्याच सकाळी बेकरीत 'ब्रोटशन' मागितला. काउंटरवरच्या आजींनी पाव वर धरला आणि म्हणाल्या, "झेमल!" मी झेमल म्हणेपर्यंत पाव हातात दिला नाही. मागे रांग. बव्हेरिया, म्हणजे म्युनिकचं राज्य, १८७१ ला जर्मन साम्राज्यात आलं तेव्हा पोस्ट, रेल्वे आणि शांततेच्या काळातलं सैन्य स्वतःकडे ठेवून आलं होतं. आजी अजून त्याच करारावर आहेत.

तिरफळ:
पावाचं नाव बदललं की भाषा बदलली? आम्ही घरी मालवणी बोलतो, मग मराठीतून काढून टाका आम्हाला!

खडूफळा:
मालवणी ही कोकणीची बोली आहे, मराठीची नाही.

तिरफळ:
आलात का? कोण ठरवणार हे, तुम्ही? माझ्या आजीला विचारून ठरवलंत? ती ज्ञानेश्वरी वाचायची आणि मालवणीत शिव्या घालायची. दोन्ही तिचंच.

खडूफळा:
आजी आणल्या की वाद संपतो, हे बरं आहे. मुद्दा एवढाच की इटलीतही कवी दान्तेची तोस्कान बोली होती, पण वाचणार कोण? १८६१ ला इटलीत चारातले तीन निरक्षर. खुद्द कावूरची फ्रेंच त्याच्या इटालियनपेक्षा बरी.

शेंगदाणा:
मालवणीसाठी वेगळा धागा काढा की! आम्हाला क्लासमध्ये लिहून दिलं होतं: मॅझिनी आत्मा, कावूर मेंदू, गॅरिबाल्डी तलवार. पाठ केलं, मार्क मिळाले. पुढचं कोणी सांगितलंच नाही. तलवारीच्या पायात १८६२ ला आस्प्रोमोंतेला इटलीच्याच सैन्याची गोळी घुसली. आणि आत्मा १८७२ ला पिसात गेला, तो खोट्या नावाने राहत असताना.

तिरफळ:
बरं बाबा, शेवटचा हात दरबाराने मारला. घ्या, झालं समाधान? पण लोकांशिवाय दरबाराची बोहनी झाली नसती. इटलीत सामील व्हायचं का, यावर नेपल्सला सार्वमत झालंच ना १८६० ला?

गच्चीवरून:
झालं की. 'हो' तेरा लाख, 'नाही' जेमतेम दहा हजार. फक्त 'हो'ची पेटी वेगळी, 'नाही'ची वेगळी, दोन्ही उघड्यावर. हात कुठल्या पेटीत जातोय ते सगळ्यांना दिसणार.

तिरफळ:
तरी दहा हजार जणांनी घातलाच ना हात? मग एवढी काही दहशत नव्हती. आणि खडूफळा, मालवणीचं अजून संपलेलं नाही. जेवून येतो.